शिसं सोडा, कथील धरा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत गळाने मासे धरायच्या छंदावर तुम्ही पानभर लेख छापलात आणि त्यात तो पत्र्याचा जिग, म्हणजे जड डोक्याचा गळ, पुढे हलणारा पत्रा आणि मागे झालर, ज्याला आमच्याकडची पोरं सरसकट चॅटरबेट म्हणतात, तो घरी कसा बनवायचा तेही दिलंत. लेख वाचून बरं वाटलं, नाहीतर मासे म्हटलं की पेपरवाल्यांना एकतर पापलेटचा भाव सुचतो नाहीतर श्रावण संपल्यावरची मार्केटातली गर्दी. पण त्यात मधेच एक ओळ होती, जुन्या बॅटरीतलं शिसं काढून घरच्या गॅसवर वितळवा आणि साच्यात ओता. एवढंच, पुढे ना मागे काही. ती ओळ वाचून माझ्या शेजारचा नववीतला मुलगा संध्याकाळी विचारत आला, काका तुमच्याकडे रिक्षाची जुनी बॅटरी आहे का. त्याला तर मी थांबवला, पण तुमचा पेपर काही फक्त आमच्या आळीत येत नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, कापायचं तर मधलं कापा, शिशाचं ठेवा.

आधी सांगतो की घरी जिग बनवायला माझा विरोध बिलकुल नाही, उलट मी स्वतः बनवतो. परदेशी कंपनीचा चांगला ब्लेडेड जिग इकडे हजाराच्या वर जातो, आणि आमच्या खारेपाटातल्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पट्ट्यातल्या, उघाडीच्या (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या) तोंडाशी टाकला की कुठेतरी दगडात, खुंटात नाहीतर कांदळाच्या मुळात अडकून तंगूससकट, म्हणजे गळाच्या दोरीसकट, जातो. हजार रुपये असे चिखलात घालणं सगळ्यांना परवडत नाही. शिवाय ही वस्तू मुळात घरगुतीच आहे. अमेरिकेत साउथ कॅरोलायनात रॉन डेव्हिस आणि त्याच्या घरच्यांनी ती काढली, २००६ च्या जानेवारीत ब्रायन थ्रिफ्ट नावाच्या गळवाल्याने फ्लोरिडातल्या ओकीचोबी तलावावर स्पर्धा मारली तेव्हा सगळ्यांना कळलं की ही दोरीला बांधली की काय होतं, आणि पुढे झी-मॅन कंपनीने ती घेतली. चॅटरबेट हे नाव त्या कंपनीचं आहे, त्यामुळे स्वतःपुरते करा, मित्राला द्या, पण त्या नावाने पाकिटं छापून विकायला बसू नका. तसे प्रकार आता व्हायला लागलेत म्हणून बोललो.

आता लेखात जे राहून गेलं ते. लेखकाने डोकं, रंग, झालर सगळं सविस्तर दिलंय आणि पत्र्याला दोन ओळी. खरं तर जिगमध्ये सगळा खेळ पत्र्याचा आहे. साध्या स्पिनरचं पातं तारेभोवती गोल फिरतं, या पत्र्याला फिरायला जागाच नसते. वरच्या टोकाला तंगूस ओढत असते, खालच्या अंगाला जिगचं डोकं बांधलेलं, पाणी समोरून दाबतं तेव्हा पत्रा एका बाजूला कलतो, त्याची कड डोक्यावर आपटते, तिथे अडला की पाणी दुसऱ्या बाजूने ढकलतं, की तो तिकडे जाऊन आपटतो, आणि हे एवढं भराभर होतं की रॉड हातात थरथरते. माशाच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ असते तिच्याने त्याला पाण्यातली ही थरथर कळते, म्हणून जिथे वीतभर खालचं दिसत नाही अशा गढूळ पाण्यात हा जिग चालतो. आणि आमच्या खाडीचं पाणी बहुतेक वेळ चहासारखं.

तेव्हा पत्रा डोक्यावर आपटलाच पाहिजे, ही पहिली अट. बरीच पोरं काय करतात, पत्रा आणि डोकं जोडायला मोठी स्प्लिट रिंग, म्हणजे किल्लीच्या कड्यासारखी दुहेरी कडी, घालतात कारण ती सोपी पडते. रिंग मोठी झाली की पत्रा ढिला नाचतो, उलटा पडतो, गळाच्या टोकात जाऊन अडकतो, आणि मग म्हणतात घरचा जिग चालत नाही. रिंग घालायचीच तर मिळेल तेवढी बारीक घाला. मी रिंग घालतच नाही. स्टेनलेसची एक एमएमची तार घ्यायची, यू आकारात वाकवायची, तिच्यात पत्र्याचं खालचं भोक आधीच ओवून घ्यायचं, आणि यूचे दोन्ही पाय गळाच्या दांड्याला चिकटून साच्यात बसवून वरून धातू ओतायचा. पत्रा साच्याच्या बाहेर लटकत राहतो, डोकं गार झालं की तो तिथेच कायमचा. पत्र्याची कड आणि डोकं यात दोनेक एमएम फट राहील एवढाच यू बाहेर ठेवायचा. याच्यापेक्षा जास्त राहिला तर खणखण कमी होते, अगदीच कमी राहिला तर पत्रा हलायलाच बघत नाही.

पत्रा स्टेनलेसचा, पाऊण एमएम जाडीचा. अॅल्युमिनियम नको, मऊ पडतं आणि आवाज बोदा येतो. सव्वा इंच लांब, पाऊण इंच रुंद, सहा कोनी, वरच्या बाजूला निमुळता, आणि मधे अगदी किंचित बाक. फॅब्रिकेशनवाल्याकडे रेलिंगचे, किचन ट्रॉलीचे तुकडे पडलेले असतात, किलोच्या भावात देतो, ओळखीचा असेल तर चहावर. फक्त तीनशे चार ग्रेडचा माग, दोनशे दोन खाडीच्या पाण्यात दोन उधाणांत तांबूस डाग धरतं. आणि भोकं पाडताना घाई नको. स्टेनलेसला ड्रिल फास्ट फिरवलं आणि बिट नुसतं घासत राहिलं की तेवढी जागा आणखी कडक होते, मग बिट जळतं पण भोक पडत नाही. आधी सेंटर पंच मारायचा, एक थेंब तेल, स्पीड कमी, दाब जास्त, कुरळा कीस निघायला लागला की समजायचं बरोबर चाललंय. नंतर भोकाच्या दोन्ही बाजू मोठ्या बिटने हाताने फिरवून साफ करायच्या आणि सगळ्या कडा कानशीने मारून पॉलिश पेपर लावायचा. हे कंटाळवाणं काम आहे, मान्य, पण कड धारदार राहिली तर ती मासा वर येताना तुमचं बोट नाहीतर तंगूस कापणार. त्यातून जिताड्याच्या कल्ल्याचं झाकण आधीच ब्लेडसारखं असतं, आपण त्यात भर कशाला घालायची.

जिताड्याचं नाव निघालंच तर सांगतो, लेखकाने हा जिग फक्त धरणातल्या मरळीसाठी म्हणून लिहिलंय. मरळीला चालतो, बरोबर आहे, पण गवतातल्या मरळीला रबरी बेडूक जास्त चालतो कारण तो वरून सरकतो आणि अडकत नाही. या जिगचं खरं गिऱ्हाईक आमच्याकडे आहे. ऑस्ट्रेलियात ज्याला बारामुंडी म्हणून डोक्यावर घेतात तो आणि आमच्या पेण-अलिबागकडचा जिताडा एकच मासा, आणि तो बोयटं आणि कोलंबीवर जगतो. खाली झालर हलतेय, वर पत्रा चमकतोय, हे त्याला पळत्या कोलंबीसारखं वाटत असणार. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, उघाडीतून पाणी जोरात बाहेर पडायला लागतं तेव्हा तो तोंडाशी आडोसा धरून बसतो, पाण्याबरोबर जे वाहून येईल ते गिळायला. तिथे पाण्याच्या आडव्या बाजूने जिग टाकायचा, खाली बसू द्यायचा, एक झटका द्यायचा म्हणजे पत्रा सुरू होतो, आणि मग संथ ओढायचा. उधाणाच्या दिवसांत पाण्याला ओढ असते, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, तेवढी मजा नाही. आणि खाजगी जिताड्याच्या तळ्यावर हे प्रयोग करायला जाऊ नका, आमच्या भागात त्या तळ्यातल्या माशाची किंमत काय असते आणि तो कोणकोणत्या साहेबांच्या घरी पोचतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. धरणाचं पण तेच, पाण्याचा ठेका मच्छीमार संस्थेकडे असतो, त्यांना विचारल्याशिवाय काठावर बसू नये.

बरं, आता मुद्द्याचं. शिसं.

शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, स्वस्त आहे, जड आहे, साच्यात छान भरतं, म्हणून जगभर जिगची डोकी त्याचीच करत आले. पण बॅटरीतलं शिसं म्हणजे नुसतं शिसं नव्हे. प्लेटांवर गंधकाच्या आम्लाबरोबर झालेला शिशाचा क्षार असतो, आम्ल असतं, कडकपणासाठी अँटिमनी नावाचा धातू घातलेला असतो. ती फोडून, ठोकून, काळी भुकटी झाडून पातेल्यात टाकायची आणि घरच्या गॅसवर, म्हणजे जिथे सकाळी दूध तापतं तिथे, हे कोणी सुचवूच कसं शकतं. लोकांना वाटतं धूर नाही ना दिसत, मग काय होतंय. धूर दिसायची गरजच नाही. वितळलेल्या शिशावर जी राखाडी मळी येते ती चमच्याने काढून बाजूला टाकतात, ती वाळते, तिची पूड होते, पूड ओट्यावर, हातावर, पोराच्या खेळण्यावर, आणि तिथून पोटात. मोठ्यांना होतंच, पण रांगणाऱ्या पोराला सगळ्यात जास्त, कारण ते जमिनीवर हात टेकतं आणि तोच हात तोंडात घालतं. पोरांच्या रक्तात एवढं शिसं चालेल अशी कुठलीही सुरक्षित पातळी नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगून थकली. त्याचा परिणाम मेंदूवर होतो आणि गेलेलं परत येत नाही. आपल्या देशात पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद केलं, घराच्या रंगातल्या शिशावर २०१७ पासून ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भागांची, मर्यादा आली, आणि आपण छंदासाठी ते पातेल्यात घालून ओट्यावर आणतोय.

जुन्या बॅटरीचं तर नियमानेही असं काही करता येत नाही, ती विक्रेत्याकडे नाहीतर परवाना असलेल्या रिसायकलवाल्याकडेच द्यायची असते. वर दुकानदार जुन्या बॅटरीचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीतून कापून देतो.

आणि पाण्यातलं काय. जिग अडकून तुटला की तो तिथेच राहतो. बदकं पोटात दाणे दळायला खडे गिळतात, त्यात बारीक वजन गेलं की पक्षी संपला. ब्रिटनमध्ये हंस मरायला लागले तेव्हा १९८७ पासून २८ ग्रॅमपर्यंतची गळाची शिशाची वजनं विकायला बंदी घातली, अगदी चिमुकले दाणे सोडून. अमेरिकेतही काही राज्यांनी असेच कायदे केलेत. आपल्याकडे तसं काही होईल तेव्हा होईल, पण उजनीच्या काठावर हिवाळ्यात पाखरं बघायला गाड्या भरभरून जाणारे आपणच आणि त्याच पाण्यात शिसं सोडणारे पण आपणच, याचा थोडा विचार व्हावा.

मग करायचं काय, तर कथील. हे काही परदेशातून मागवायला नको. पितळेच्या भांड्यांना कल्हई लावायचे ते हेच, आमच्या लहानपणी कल्हईवाला दारात भाता मांडून बसायचा आणि कापसाचा बोळा फिरवला की पातेलं आतून पांढरंशुभ्र. कथील २३२ डिग्रीला वितळतं, म्हणजे शिशापेक्षा जवळजवळ शंभर डिग्री आधी. लोक म्हणतात महाग आहे. आहेच, किलोचा भाव ऐकून माणूस बसतो. पण हिशोब करा की. कथील वजनाला हलकं, त्यामुळे ज्या साच्यात शिसं १४ ग्रॅम भरतं त्यात कथील ९ ग्रॅमच भरतं, म्हणजे एका किलोत शंभरावर डोकी झाली. शंभर डोकी कोणाला लागतात हो, पावशेर आणा, वर्षभर पुरेल आणि उरलेलं परत वितळवता येतं. हलकं पडतं हा तोटा पण नाही, आमच्या उघाडीत कमरेएवढं पाणी असतं, तिथे जिग सावकाश बसलेला बरा. आणि कथील शिशापेक्षा कडक, त्यामुळे पत्रा आपटला की टणटणीत वाजतो. खोल पाण्यात, जोराच्या ओढीत मात्र हलकं डोकं वर उचललं जातं, तिथे साचा मोठा करावा लागेल, ते मी नाकारत नाही.

फक्त कथील घेताना बघून घ्या, कारण यात शिसं मिसळून विकणारे पण आहेत. कांडी कानाजवळ धरून हळूच वाकवायची. शुद्ध कथील असेल तर आतून करकर करकर असा आवाज येतो, अगदी स्पष्ट, पहिल्यांदा ऐकणारा दचकून कांडी मोडली का म्हणून बघतो. शिसं वाकवलं तर मुकं. दुसरं, कांडी कोऱ्या कागदावर ओढायची, पेन्सिलीसारखी करडी रेघ उठली तर घेऊ नका. आणि डाग द्यायची सोल्डरची तार वापरायचा शहाणपणा नको, जुन्या साठ-चाळीसच्या तारेत चाळीस टक्के शिसंच असतं.

साचा आमच्या पेणमध्ये कोणाला शिकवायला नको, गावातलं प्रत्येक तिसरं घर गणपतीच्या कारखान्यात कधी ना कधी बसलेलं आहे. मातीचा नाहीतर लाकडाचा नमुना करायचा, पीओपीचे दोन भाग पाडायचे, गळाची आणि तारेची जागा कोरायची, ओतायचं तोंड रुंद ठेवायचं आणि हवा जायला बारीक वाट. गणपतीचा रबरी साचा मात्र वापरायचा नाही, तो जळतो. पीओपीत एक भानगड आहे, वरून कोरडं दिसलं तरी त्याच्या पोटात पाणी असतं. गरम धातू पडला की त्याची वाफ होते आणि धातू तोंडावर उडतो. म्हणून साचा आठवडाभर उन्हात, मग पेटत्या चुलीच्या उबेला चांगला भाजून घ्यायचा, आणि पहिली ओत अगदी थोडी, लांब उभं राहून. असा साचा थोड्याच ओतीत भुगा व्हायला लागतो, जास्त करायचे असतील तर लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमचा करून घ्यावा आणि आतून मेणबत्तीची काजळी धरावी म्हणजे डोकं सुटून येतं. कथील असलं तरी काम अंगणात करायचं, चपला नाही बूट घालायचे, डोळ्यांना चष्मा, सुती फुलशर्ट, पातेलं त्याच कामाचं वेगळं, आणि जवळपास पाण्याची बादली नको. पावसाळ्यात तर नकोच, पत्र्यावरून एक थेंब पातेल्यात पडला तर काय होतं ते बघायची इच्छा होऊ देऊ नका.

ज्याला वितळवण्याच्या भानगडीतच पडायचं नाही, आणि शाळकरी पोरांनी पडूच नये, त्याच्यासाठी सायकलच्या दुकानात मिळणारे लोखंडी छर्रे आणि एम-सील आहे. दांड्याला सुती दोरा गुंडाळायचा, यू तार बांधायची, छर्रे एम-सीलमध्ये मळून डोकं वळायचं, रात्रभर ठेवायचं. वजन कमी भरतं, दिसायलाही ओबडधोबड, पण पत्र्याला आपटायला कडक जागा मिळते आणि तळ्यातल्या मरळीला त्याच्या दिसण्याशी काही देणंघेणं नाही.

झालर, रंग हे लेखात बरं दिलंय, माझी भर एवढीच की रबरबँडची झालर उन्हात चिकट होऊन तुटते, त्यापेक्षा रक्षाबंधन झालं की दुकानात राख्या निम्म्या भावात असतात, त्यांची जर आणि बोकडाच्या शेपटीचे केस एकत्र करून मोटर वाइंडिंगच्या बारीक तारेने आवळून बांधा. रंगाला नेलपॉलिश, वरून एपॉक्सीचा हात. डोळे माझे मित्र काढून देतात, ते भाद्रपदात मूर्तींची आखणी करतात, त्यामुळे माझ्या जिगचे डोळे जरा जास्तच देवासारखे येतात, जिताड्याने अजून तक्रार केलेली नाही. मागे लावायला रबरी शेपटी नसेल तर माकुलची (स्क्विडची) पट्टी लावा. गळ मात्र विकतचाच घ्या, आणि जाड तारेचा.

तर संपादक महोदय, विनंती इतकीच की पुढच्या पुरवणीत त्याच पानावर, त्याच टायपात, बॅटरीचं शिसं वितळवण्याची ती ओळ मागे घेतल्याचं छापा. कोपऱ्यात बारीक अक्षरात नको, ती कोणी वाचत नाही. लेखकांना आमच्याकडे यायचं असेल तर गणपतीनंतर या, तोपर्यंत उघाडीचं पाणी निवळायला लागलेलं असतं आणि माझ्याकडे नवे चार पत्रे कापून तयार असतील. आणि कोणी तो लेख वाचून घरात आधीच शिसं वितळवलं असेल तर ती जागा झाडूने झाडू नका, पूड उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं बंद पिशवीत टाकून द्या, पातेलं स्वयंपाकात परत आणू नका, आणि घरात लहान पोर नाहीतर गरोदर बाई असेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या.

कळावे,
आपला नेहमीचा वाचक,
खारेपाटातला एक गळवाला, पेण